मागच्या वेळेसारखं

चूक माझीच. पानाकाका हात धुवायला गेले होते, टेबलावरचा त्यांचा फोन वाजला आणि मी नको तो शहाणपणा करून उचलला. पडद्यावर काकू, म्हणजे नुसतं कपाळ आणि एक डोळा. म्हणाल्या, "येताना मागच्या वेळेसारखंच आणायला सांगा हो त्यांना." मी म्हणालो, "हो काकू, आणतील की. अगदी तस्संच."

यात काय चुकलं, असं मलाही वाटलं होतं. काका रुमालाला हात पुसत आले, मी निरोप दिला, तर ते रुमाल हातात धरून तसेच उभे राहिले.

"मागची वेळ कुठली रे?" ते म्हणाले. "मी विमानात बसलोय तोच पहिल्यांदा."

आमची बिस्किटांची फॅक्टरी आहे. आमची म्हणजे आम्ही तिथे नोकरीला आहोत. मशीनचं दुखणंखुपणं बघणारे फोरमन म्हणजे पानाकाका. शर्टाच्या खिशात कायम एक बारका पाना, म्हणून हे नाव. खरं नाव पगारपत्रकावर असेल. तो पाना विमानतळावरच्या तपासणीत गेला, तेव्हापासून त्यांचा हात सारखा खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. कंपनीने पुडे बांधायचं नवीन मशीन घेतलं होतं आणि ते शिकायला आम्हा दोघांना, जिथे ते बनतं त्या शहरात, तीन आठवडे पाठवलं होतं. काकांना मशीन कळतं म्हणून, आणि मला इंग्रजी येतं म्हणून. आमच्या गावच्या शाळेतलं इंग्रजी पेपरात धावायचं, काउंटरवर मात्र लंगडायचं. पण हे साहेबांना सांगायला मी काही खुळा नव्हतो.

काकूंचं दोनेक वर्षांपासून विसरणं सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग जेवण झालं की नाही ते, मग माणसं. अलीकडे त्या काकांना फ्रीज दुरुस्त करायला आलेला माणूस समजायच्या. कामावरून आले की म्हणायच्या, "या, बसा. आमचे हे घरी नसतात हो कधी, तुम्हीच बघा जरा." पहिल्यांदा काका समजावत बसायचे. मग त्यांनी तो नाद सोडला. ते मुकाट उठतात, फ्रीज उघडतात, आत डोकावतात, "ठीक आहे" म्हणतात आणि दार लावतात. एवढी निगा राखलेला फ्रीज आमच्या गावात दुसरा नसेल. आता तीन आठवडे लेक येऊन आईजवळ राहिली होती.

मला वाटलं, सकाळपर्यंत काकू निरोप विसरतील. बाकी सगळं विसरल्या, हे तेवढं धरून बसल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी फोन लावला तर काकूंनी पडद्यात नीट बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, विसरू नका हं."

फोन संपल्यावर काका पलंगाच्या कडेला बसले. मी विचारलं, काय झालं.

"अहो म्हणाली," ते म्हणाले. "वर्ष झालं असेल." मग खिशाकडे हात नेऊन परत आणला. "तिला मी आठवतो रे. पण मागच्या वेळेचा. तो कोण, ते मलाच माहीत नाही."

त्या दिवसापासून आमचं शिक्षण बाजूला पडलं. मी सुचवलं की सरळ विचारा ना, काय होतं ते. तसं काका रोज विचारायचे आणि काकू रोज सांगायच्या. एकदा म्हणाल्या गोल. दुसऱ्या दिवशी चौकोनी. कधी उघडलं की वास यायचा, कधी आत काही तरी वाजायचं. कागदात गुंडाळून आणलं होतं आणि मी कागदसुद्धा जपून ठेवला होता, असंही म्हणाल्या. झाकण होतं आणि रंग निळा, एवढ्या दोन गोष्टी मात्र बदलल्या नाहीत. तिकडे लेकीने कपाटं उपसली, माळा उपसला. घरात निळ्या झाकणाचं काहीसुद्धा निघालं नाही. निघणार कुठून? काका स्वतःच म्हणाले, की लग्न झाल्यापासून बाहेरून घरी आणलेली वस्तू म्हणजे जेवणाचा रिकामा डबा. साड्या, बांगड्या, घरातलं सगळं काकूंनीच घेतलं. काका दुकानाबाहेर सायकल धरून उभे असायचे.

सुट्टीच्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. अख्खा रस्ता परदेशी पाहुण्यांसाठी मांडलेला. एकाच मनोऱ्याचं चित्र कपांवर, बशांवर, किल्ल्यांच्या साखळ्यांवर, मोज्यांवर. तो मनोरा आम्हाला काही दिसला नव्हता, आमचं येणंजाणं फॅक्टरीच्या बसमधून. काका प्रत्येक निळी वस्तू उचलायचे, झाकण उघडायचे, लावायचे, पुन्हा उघडायचे, कानाशी नेऊन ऐकायचे आणि खाली ठेवायचे.

"बिजागरी ढिली आहे," म्हणायचे.

"काका, मशीन नाही घ्यायचंय आपल्याला."

"ढिली वस्तू मी तिला दिली असती का?"

कधीच काही दिलं नव्हतं, हे मी जिभेवर आलेलं गिळलं. एका दुकानात पोराने काय हवंय म्हणून विचारलं, तर माझ्या इंग्रजीने माझा घात केला. मी म्हणालो, मागच्या वेळेसारखंच द्या. त्याने विचारलं, मागच्या वेळी आमच्याकडूनच घेतलं होतं का? मी म्हणालो, मागची वेळ नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

दुकानं संपली तिथे एक आडवी गल्ली होती आणि गल्लीत बटणं, दोरे, लोकर विकणारं जुनं दुकान. दारात चित्रांच्या पोस्टकार्डांचा स्टँड होता म्हणून आम्ही आत शिरलो. म्हातारी मालकीण, चष्मा दोरीने गळ्यात. गल्ल्याशेजारी पत्र्याची निळी डबी, कडेचा रंग उडालेला, आत सुटी बटणं. काकांचा हात सरळ तिच्यावर गेला. बाईंचाही. विकायची नाही, हे सांगायला भाषा लागली नाही.

आणि मग काका बोलायला लागले. माझ्याशी नाही, बाईंशी, सरळ मराठीत. काकूंचं, फ्रीजचं, सायकल धरून उभं राहण्याचं, सगळं. बाई मान हलवत ऐकत होत्या, जणू कळतंय. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या सगळ्याचं मी जे इंग्रजी केलं ते असं झालं: यांच्या बायकोला एक डबी आठवते, ती डबी कधी नव्हती, ती यांना हवी आहे.

मला वाटलं, आता पोलीस येणार. बाईंनी फक्त विचारलं, ती निळी होती का? मी हो म्हणालो. त्यांनी बटणं रद्दी पेपरावर ओतली, डबी बाहीने पुसली, आत हुंगून बघितलं आणि खाकी कागदात गुंडाळायला घेतली. काकांनी पाकीट काढलं तर त्यांनी ते हातानेच मागे सारलं. स्टँडवरचं एक पोस्टकार्ड घेऊन मागे दुकानाचा पत्ता आणि फोन लिहिला आणि म्हणाल्या, पैसे नकोत, एवढंच कळवा, हीच होती का.

त्यांना ते कशाला कळायला हवं होतं, हे विचारण्याइतकं माझं इंग्रजी नव्हतं. काका म्हणाले, "सांग, पोचल्यावर लगेच कळवतो."

परतल्यावर बॅगा घेऊन मीही काकांच्या घरी गेलो. दार काकूंनीच उघडलं. काकांना म्हणाल्या, "बरं झालं आलात. फ्रीज आत आहे."

काका बूटसुद्धा न काढता पुडकं पुढे करून उभे. काकूंनी ते घेतलं, दोरी सोडवली, कागद जराही न फाडता उलगडला, घडी घातली आणि बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर उशीखाली सरकवला. काकांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मग काकूंनी डबी उघडली, लावली, उलटीपालटी केली.

"छान आहे हो," म्हणाल्या. "पण ह्यांनी आणलेली वेगळी होती."

काकांनी मान हलवली आणि आत जाऊन फ्रीज बघून आले.

दुसऱ्या दिवशी लेकीचा मला फोन. रात्रभर आईने डबी हातातून सोडली नाही म्हणे. आणि सकाळी बाबांनाच बोलावून दाखवली: बघा, आमच्या ह्यांनी आणली, परदेशातून. काकांनी हातात घेऊन झाकण उघडलं, लावलं आणि सांगितलं की बिजागरी चांगली आहे, तुमच्या ह्यांना पारख आहे.

एव्हाना काकांना एक गोष्ट उमगली होती. समोर असले की ते फ्रीजवाले. फोनवर असले की अहो. म्हणून आता रोज जेवणाच्या सुट्टीत ते फॅक्टरीच्या मागे, खोक्यांच्या थप्पीवर बसतात आणि घरी फोन लावतात. काकू मांडीवर डबी घेऊन विचारतात, "अहो, कधी येताय? आणि मागच्या वेळेसारखं आणा हं." काका म्हणतात, आणतो. फॅक्टरीतून घर सायकलने दहा मिनिटांवर आहे.

बाईंना कळवायचं तेवढं राहिलंय. दोनदा मी फोन काढून लिहायला बसलो. पहिल्यांदा काका म्हणाले, "हो लिही," आणि मी लिहिण्याआधीच म्हणाले, "थांब, काल नाही म्हणाली." दुसऱ्यांदा मीच विचारलं, नाही म्हणून कळवू का? ते म्हणाले, "नाही कसं? उशाशी घेऊन झोपते."

खिशात आता नवीन पाना आहे. पोस्टकार्ड त्याच्या मागेच असतं, कोपऱ्याला तेल लागून पत्त्यातली एक ओळ पुसट झाली आहे. परवा मी म्हटलं, काका, वाचता येतंय तोवर काहीतरी कळवून टाकू.

"कळवू की," ते म्हणाले. "आज काय म्हणते बघतो." आणि घरचा नंबर लावला.