साहेबांचा ट्रिओ आणि माझी पट्टी

साहेबांच्या शेवटच्या परेडला मी जुन्याच पट्टीत वाजवत राहिलो. बाकी अख्खा बँड वरच्या पट्टीत गेला होता.

साहेब म्हणजे आमच्या लष्करी बँडचे मास्तर. त्या सकाळी छावणीच्या मैदानावर त्यांनी स्वतः बांधलेला मार्च पहिल्यांदाच वाजणार होता, आणि दुपारी ते निवृत्त होणार होते. मार्चच्या शेवटी ट्रिओ नावाचा भाग येतो. तिथं सगळे एकदम पट्टी बदलतात आणि चाल एकट्या युफोनियमकडं येते. युफोनियम, म्हणजे पोटाशी कवटाळायचं ते पितळी धूड, आमच्यात एकच. आणि ते माझ्याकडं. वैजापूरहून आलेल्या आपल्या आईला साहेबांनी सांगून ठेवलं होतं, "सूर वर चढला की कान दे, आई. ते माझं हाय."

पाहुणे रांगांची पाहणी करतात तोवर बँडनं वाजवत राहायचं. पाहुणे भरभर चालले, तर साहेब दंड्यानं खूण करतात; मग मधला भाग सोडून थेट ट्रिओ. हे पाहुणे चांगलेच भरभर निघाले. खूण झाली. मी तेव्हा नजर तिरकी करून मंडपात बायको शोधत होतो, तिचा मोबाइल माझ्यावर रोखलाय का ते बघायला.

भोवतालचा सूर सरकला तसा दचकलो आणि चालीत उडी मारली. चाल बरोबर, बोटं मात्र जुन्या पट्टीत. कानाला सगळं कळत होतं, बोटांना काही केल्या कळेना. बरं, परेडमध्ये शेजाऱ्याला विचारायची सोय नाही, माफी मागायला हात मोकळे नाहीत. शेवटी फुंकणंच थांबवलं. ते तर आणखी वाईट. मागचं ढम-पाँ, ढम-पाँ तेवढं चालू, आणि चालच नाही. वऱ्हाड मांडवात, नवरदेव गायब. साहेब माझ्याकडं बघत दंडा हलवत राहिले. थांबणं त्यांच्याही हातात नव्हतं.

पाहुणे मंचावर पोचले, ड्रमचे दोन टोले पडले, मार्च संपला.

चहाच्या वेळी मी पुढं झालो. "साहेब, सगळ्यांना थांबवतो. आईंसाठी एकदा परत वाजवू."

"दंडा दिला मी नव्या मास्तरच्या हातात," साहेब म्हणाले.

शेजारी आई बशीत चहा ओतत होत्या. "लई घुमलं बाबा. पर मधीच त्यो एक बाजा बिघडला व्हता का रं?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"बाजा चांगलाय, आई. वाजवणाराच तसला हाय."