गल्लीचं क्लस्टर झालं

लहानपणी ऐकलेला एक आवाज अजून माझ्या कानात आहे. रिकाम्या ऐरणीवर घण पडल्याचा. वर लोखंड असलं की आवाज दबका येतो, ऐरण रिकामी असली की खणखणीत. कर्नाटकाच्या हद्दीवरच्या कमलनगरात, आमच्या गल्लीत तो आवाज झाला की जो तो हातातलं काम टाकून लिंबाखालच्या कट्ट्याकडे निघायचा. कुणीतरी नवं अवजार केलंय, असा त्याचा अर्थ.

आमची रीतच ती. नवं काही केलं की विकायच्या आधी कट्ट्यावर ठेवायचं. सगळ्यांनी हात लावायचा, नावं ठेवायची, चूक काढायची. ज्याने चूक काढली त्यानेच ती नीट करून द्यायची. मग ज्याला पाहिजे त्याने खुशाल तसंच अवजार करावं. लाकडी तिफणीपासून ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रापर्यंत आम्ही असेच आलो.

मी सुतार. माझी शाळा थोडी, बोलणं त्याहून थोडं. पण न बोलणाऱ्याजवळ किस्से जास्त साठतात. साहेब लोक आमच्या गल्लीचं भलं करायला आले तेव्हापासून तर फारच साठले, आणि खरं सांगतो, हसू कमी येतं, राग जास्त.

*

पहिल्यांदा साहेब आले ते गळ्यात कार्ड घालून. म्हणाले, "तुमच्याकडे क्लस्टर नाही. म्हणून तुम्ही मागे आहात."

हुसेनभाईने लेथ बंद केली. "क्लस्टर म्हंजे काय, साब?"

साहेबांनी चांगलं समजावून सांगितलं. एका धंद्याची माणसं एका जागी असावीत, एकमेकांचं बघून शिकावं, एकाने सुरू केलेलं काम दुसऱ्याने पुरं करावं, त्यातूनच नवी वस्तू निघते.

हुसेनभाईने गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. "मंग आमी हितं काय करायलाव?"

"ही गल्ली आहे," साहेब म्हणाले. "क्लस्टरला शेड लागते!"

*

शेड झाली. गावाबाहेर, गायरानात. प्रत्येकाला वेगळी खोली, वेगळं शटर, मध्ये जाड भिंत. सांगप्पा वेल्डिंगवाला बघून आला आणि डोक्याला हात लावून बसला. गल्लीत त्याने नुसती हाक मारली की समोरचा हुसेनभाई येऊन लोखंडाचं दुसरं टोक धरतो. तिथे भिंतीपलीकडे कुणाला हाक मारणार?

"साहेब, भिंत कामून घातलाव?"

"प्रायव्हसी! तुमची कला शेजाऱ्याला दिसू नये म्हणून."

"मंग टोक कोण धरील? बायकोला आणू?"

त्याची बायको शरणम्मा मागेच उभी होती. "मी यायला तयार हाय की! पर मंग घरी भाकऱ्या साहेबानं थापायच्या!"

साहेब जीपमध्ये जाऊन बसले.

*

मग मोजणी झाली. जिल्हा स्पर्धेत किती पुढे आहे ते बघायचं होतं म्हणे. गिऱ्हाईक कुठलं कुठलं, विचारलं. आम्ही सांगितलं, भालकी, औराद, खटकचिंचोळी, उदगीर, देवणी. साहेबांनी उदगीर आणि देवणी खोडलं. "ते महाराष्ट्रातले, दुसऱ्या राज्यातले. बाहेरचे."

सांगप्पा कन्नड शाळेत शिकलेला, घरात मराठी बोलणारा, पोरगी देवणीला दिलेली. तो चिडला. "माझा जावई बाहेरचा व्हय? दिवाळीला येऊन खाऊन जातोय की, तवा आतला असतोय!"

साहेबांनी खोडलेलं खोडलेलंच ठेवलं. अर्धं गिऱ्हाईक एका रेघेत गेलं, आणि वर आम्हालाच म्हणाले, "तुमची बाजारपेठ फार लहान आहे."

*

बीदरला ट्रेनिंगला नेलं. एसी हॉल, डब्यात उपमा. शिकवणाऱ्या बाई भल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुमचा स्पर्धक कोण?"

हुसेनभाईने सांगप्पाकडे बोट दाखवलं. सांगप्पाने हुसेनभाईकडे.

"छान! मग त्यांच्या पुढे जाण्यासाठी तुम्ही काय करता?"

हुसेनभाईने बराच विचार केला. "त्याची ग्राइंडर बिघडली की माझी देतो."

बाई म्हणाल्या, हे चुकीचं आहे. हुसेनभाईचा चेहरा उतरला. परत येताना बसमध्ये मला हळूच म्हणाला, "अप्पा, इतकी वर्षं चूक करायलो होतो व्हय मी?" त्या वेळी मला फार वाईट वाटलं. कुठल्या चांगल्या गोष्टीची कुणाला लाज वाटायला लावावी, याला काही धरबंद?

*

आता शिवराजचं सांगतो. हा आमच्यात सगळ्यात तरणा, पेरणी यंत्रं जोडतो. ओल्या काळ्या रानात बियाच्या नळीचं तोंड चिखलाने बुजतं, म्हणून त्याने नवी नळी केली आणि कट्ट्यावर आणली. हुसेनभाईने तिचं तोंड तिरपं कापलं. सांगप्पाने पुढे झडप जोडली. मी बियाच्या पेटीला सागाची फळी बसवली. नळी बुजायची थांबली.

साहेबांना ते कळलं. म्हणाले, बक्षीस देऊ, शोधाचा हक्क मिळवून देऊ, पण नाव एकाचंच लागतं. "शोध एकाच माणसाचा असतो."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. हुसेनभाईच म्हणाला, "शिवराजचं लावा. लेकरं लहान हायत त्याची."

शाल मिळाली, फोटो निघाला, शिवराजला शेडमधली कोपऱ्यातली खोली मिळाली. नंतर साहेबांनी त्याच्याकडून वचन घेतलं. इथून पुढे काही नवं केलं तर कुणाला दाखवायचं नाही. दाखवलंस तर हक्क गेला, खोलीही गेली.

*

ही यंदाची गोष्ट. पेरणी तोंडावर आली होती. शिवराज शेडमध्ये एकटाच काहीतरी करतोय, ते जुळत नाही, एवढं गावात कळलं होतं. एका सकाळी तो मोटारसायकलवरून गल्लीत आला. मागे ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी बांधलेलं. उतरला, ते उचललं आणि सरळ नेऊन कट्ट्यावर ठेवलं. जन्मभराची सवय!

आम्ही हात पुसत पुसत गोळा झालो. हुसेनभाईने खिशातून चष्मा काढला. शरणम्मा चहा घेऊन आली.

शिवराजचा हात दोरीच्या गाठीवर गेला आणि तिथेच थांबला.

"उघड की रे!" शरणम्मा म्हणाली. "नवरी आणलास काय झाकून?"

सगळे हसले. शिवराज हसला नाही.

हुसेनभाईने ताडपत्रीवरूनच हात फिरवला. एका जागी थांबला, बोटांनी दाबून बघितलं. "चाक आत घासायलंय, व्हय ना? कळ्ळं मला. सोड गाठ, दुपारपत्तर नीट करून देतो."

शिवराजने त्याच्याकडे बघितलं. मग सांगप्पाकडे, मग माझ्याकडे. ह्या पोराला मी कडेवर खेळवलंय. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"शिवराज," मी म्हणालो, "आपलाच कट्टा हाय, बाबा."

त्याने गाठ आणखी आवळली. ते धूड पुन्हा खांद्यावर घेतलं, मोटारसायकल तिथेच विसरला, आणि शेडच्या वाटेने चालू लागला.