मुटका

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की तापोळ्याच्या पुढं एक बेट उघडं पडतं. त्याला एका अंगाला रेतीचा पट्टा आहे. बायकोला तो फोनवर दिसला. मग काय, शनिवारी आमची वरात इस्लामपुरातून निघाली: मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि आई. रात्री महाबळेश्वरात मुक्काम, सकाळी तापोळा, तिथून बोट. मला असल्या सहलींचा मनस्वी कंटाळा. त्यात पाणी म्हटलं की नकोच.

आई एरवी ‘तुमीच जावा’ म्हणणारी. या वेळी सगळ्यांच्या आधी पिशवी भरून बसली होती. सकाळी खोलीतून बाहेर आली ती काष्टा मारून, नऊवारीत. नऊवारी सोडून तिला वीस वर्षं झाली होती. विचारलं तर म्हणाली, असू दे.

बेटावर मुलगी गुडघाभर पाण्यात खेळू लागली. आई तिच्याजवळ गेली, चार पावलं पुढं टाकली, परत फिरली. असं दोनदा झालं. मला वाटलं, घाबरली. पण ती सरळ बोटवाल्याकडं गेली. बोट पलीकडं खडकाला लावली होती. तिच्याखाली पाणी किती, असं आई विचारू लागली. दोन पुरुष असेल, पण कशाला, असं त्यानं विचारलं.

“मुटका मारायचाय,” आई म्हणाली.

मुटका म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन विहिरीत धपकन मारायची उडी. आईचं माहेर माण तालुक्यातलं. तिथल्या विहिरीत ती भावांबरोबर पोहायला शिकली होती, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. विहिरीला कुठला उतार? पाण्यात चालत शिरणं तिला जमेना, तिला उडीच ठाऊक.

मी चिडलो. पासष्टी आली, गुडघे दुखतात, चार माणसं बघतायत, शोभतं का हे, असं सगळं बोलून घेतलं. आवाजही चढलाच माझा. आईनं ऐकून घेतलं.

“तुझा बापबी ह्येच म्हनला हुता, शोभतं का. तवा मी एकुणीस वर्साची हुते.”

वडील जाऊन तीन वर्षं झाली. आमच्या मळ्यातली विहीर घरापासून हाकेवर आहे. तिच्या काठावर मी आईला फक्त धुणं धुताना पाहिलंय. मला माझीच लाज वाटली. बायकोला आणि मुलीला हाक मारली, सगळे बोटीत चढलो.

बोटवाल्यानं एकच अट घातली, अंगातलं लाइफ जाकीट काढायचं नाही. आईनं बोटीवरून मुटका मारला, आम्ही सगळे भिजलो. जाकिटानं तिला लगेच वर आणलं, तेव्हा मजाच घालवली म्हणून ती जाकिटावरच करवादली. मग सपासप हात मारू लागली. ते बघून मुलगी हट्टाला पेटली. बायकोनं तिला जाकिटासकट पाण्यात सोडलं. आईनं तिच्या पोटाखाली हात धरला आणि पाय मारायला लावले.

मी बोटीत दोघींच्या चपला सांभाळत बसलो होतो. आईनं मलाही उतरायला सांगितलं.

“मला कुठं पोहता येतं?” मी म्हणालो.

“ठावं हाय,” आई म्हणाली. “तुला शिकवायचं लय मनात हुतं रं.”