सोमवारचं बिक्समाद

आयनरनं सिग्नेच्या बिक्समादचं कौतुक केलं, त्या दिवसापासून थोराचं घरात लक्ष लागेना.

कौतुक तरी केवढंसं! बूट काढता काढता तो म्हणाला, "सिग्ने बिक्समाद झकास करते हं." एवढंच. पण जटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणारा, वर्षभरात शंभर वाक्यंही न बोलणारा आपला धाकटा भाऊ शेजारणीच्या तव्यावर एक अख्खं वाक्य खर्च करतो, हे थोराला झोंबलं. आई गेल्यापासून बावीस वर्षं ती या शेतघरात त्याचं रांधत होती. तिनं लग्न केलं नाही, त्यानंही नाही. रविवारी बीफचा मोठा तुकडा भाजायचा आणि सोमवारी त्याच्या उरलेल्या फोडी, कालचे उकडलेले बटाटे आणि कांदा परतून, वर अंडं घालून बिक्समाद करायचं, हा नेम तिनं एकदाही चुकवला नव्हता. बावीस वर्षांत तो काय म्हणाला होता? "बीट दे." पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते उगीच नाही.

वसंतापासून आयनर दर सोमवारी सिग्नेकडे जेवत होता. निमित्त तिच्या गोठ्याच्या छपराचं. छप्पर ते केवढं, आणि तीन महिने झाले तरी ते काही संपेना! सिग्ने विधवा होती, हसरी होती, थोरापेक्षा बारा वर्षांनी लहान होती. हे सगळं थोराला रोज नव्यानं आठवायचं. उद्या हा तिला घरात घेऊन आला, की चूल तिची आणि आपण कोपऱ्यातल्या खोलीत. या विचारानं ती भांडी जरा जोरातच आपटायची. त्यात भर म्हणजे फडताळातलं झाकलेलं बीफही हल्ली सोमवारी निम्मंच उरलेलं असायचं. तिनं मांजराला दोनदा झाडूनं हाणलं होतं.

शेवटी एका सोमवारी दुपारी तिनं बीटच्या लोणच्याची बरणी उचलली आणि रस्ता ओलांडला. काय असं घालते ही बया, ते एकदा बघायचंच होतं.

"अगं बाई, थोरा! ये ना, आत ये," सिग्ने म्हणाली. आयनर अजून छपरावर होता, हातोड्याचे ठोके ऐकू येत होते.

टेबलावर निळा डबा होता. थोराचाच, कोपऱ्यात टवका उडालेला. शेजारी बीफचा तुकडा, त्याला अजून दोरा गुंडाळलेला. त्या दोऱ्याची दुहेरी गाठ थोरा आईकडून शिकलेली, पंचक्रोशीत तशी दुसरं कुणी मारत नसे. एकट्या बाईच्या घरी सोमवारी उरलेलं बीफ येणार कुठून, हा साधा प्रश्न तिला तीन महिन्यांत पडला नव्हता. आयजीच्या जिवावर बायजी उदार! आणि मार खाल्ला मांजरानं.

"आयनर आणतो," सिग्ने म्हणाली. "मला वाटलं, तूच पाठवतेस."

"मीच पाठवते," थोरा दात आवळून म्हणाली.

मग तिची नजर तव्याकडे गेली. बटाटे, कांदा, मांस सगळं एकदम टाकलेलं, वर झाकण, खाली पाणी सुटलेलं. हे? याचं कौतुक?

"झाकण काढ आधी!"

"का गं? मी नेहमी असंच करते."

"दिसतंय ना! उलथणं दे इकडे. आणि दुसरा तवा काढ."

आता तिला कुणी अडवू शकलं नसतं. डब्यातले उरलेले गार बटाटे तिनं कोरडे पुसले, लोण्यावर पसरले आणि हात मागे घेतला. "सारखं ढवळायचं नाही. खालून लाल होईस्तोवर त्यांच्या वाटेला जायचं नाही. कांदा वेगळा, मंद आचेवर. मांस अगदी शेवटी, नुसतं गरम होण्यापुरतं. ते कालच शिजलंय, त्याला परत कशाला छळायचं?"

"मला कुणी सांगितलंच नाही हे," सिग्ने म्हणाली, आणि अगदी मनापासून. त्याचाही थोराला राग आला.

आता खाऊ दे त्याला, ती मनात म्हणत होती. एका घासात कळेल, हात कुणाचा ते. मग बघू, पुढच्या सोमवारी कुठे जातो. शेवटी तिनं अंडी फोडली. कडा जाळीदार, पिवळं थरथरतं, जसं हवं तसं.

आयनर हात धुऊन सिग्नेसमोर बसला. थोरा चुलीपाशी आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्यानं बलक फोडला, बटाट्यावर पसरला, खाल्लं. ताट निम्मं झालं तरी थोरा हातात उलथणं धरून वाट बघत होती.

"सिग्ने," तो म्हणाला, "नेहमीसारखंच झकास."

सिग्नेचे कान लाल झाले. "अरे, आज थोरानं केलंय."

आयनरनं मान वळवली. "हो का?" तो म्हणाला, आणि बीटची बरणी सिग्नेपुढे सरकवली. त्यानं तिचं झाकणही काढून दिलं. थोराला आठवेना, त्यानं आपल्याला कधी कुठलं झाकण काढून दिलं होतं.

मत्सर करायला तिनं चुकीची वस्तू निवडली होती. बटाटे लाल असोत की लिबलिबीत, तो इथंच येणार होता.

"बस ना, थोरा," सिग्नेनं तिसरी खुर्ची ओढली. तिसरं ताटही मांडलं, त्यात बटाटे वाढले, मांस वाढलं, आणि तव्याकडे बघून ती थांबली.

तव्यात अंडं नव्हतं. बावीस वर्षं थोरा सोमवारी दोनच अंडी तळत आली होती. आजही तिनं दोनच तळली होती, आणि ती दोन्ही त्या दोघांच्या ताटात होती.