चौघांनी उतरवलेली खाट

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळीबार झाला, त्या दिवशी माझे यजमान परळच्या गिरणीतून पाळी संपवून घरी येत होते. गोळी गुडघ्याखाली लागली. कुणी चौघांनी त्यांना फळीवर घालून इस्पितळात पोचवले आणि नाव न सांगताच निघून गेले. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "पाय काळा पडतोय. कापला नाही तर विष अंगभर पसरेल. सही करा." यजमान तापाने ग्लानीत होते, सही मलाच करायची होती. मी केली नाही. प्रभू पाय बरा करील, असे मी सर्वांना सांगत होते. खरे तर मला प्रार्थनाच येत नव्हती. गुडघे टेकले की तोंडून नुसती तक्रार निघे.

दुसऱ्या दिवशी रविवार. भायखळ्याला आमच्या चर्चच्या सभागृहात दुपारी बायबलवरचा नवा चित्रपट होता, सर्वांसाठी खुला. बोलणे इंग्रजी, म्हणून पडद्याशेजारी उभे राहून मराठीत सांगण्याचे काम माझ्याकडे आधीच आले होते. पाळकसाहेब म्हणाले, "तू नको येऊस, मी सांभाळतो." पण इस्पितळातल्या त्या कागदापासून मला पळायचे होते. जाऊबाईंना यजमानांजवळ बसवून मी गेले.

असले चित्रपट मला कधीच पटले नव्हते. डोंगर पुठ्ठ्याचे, रंग भडक, प्रभू गोरापान आणि केस नुकतेच विंचरलेले. गालिलातल्या कोळ्यांच्या कपड्यांवर माशाचा एक डाग नाही! वडील गोष्ट सांगत, तेव्हा तिच्यातली धूळ आमच्या नाकात जायची. इथे सगळे धुऊन पुसून ठेवलेले.

पक्षाघाती माणसाची गोष्ट आली. गर्दीमुळे दारातून जाता येईना, म्हणून चौघांनी छप्पर उसकटले आणि त्याला खाटेसकट दोरांनी खाली सोडू लागले. पुढच्या रांगेतल्या, भाजीबाजारात बसणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई ताडकन उठल्या. "आरं, डोक्याकडचा दोर आवर! पडंल ना त्यो!" सगळे हसले. मीही हसले, त्या आठवड्यात पहिल्यांदा. त्या मात्र खाट जमिनीला टेकेपर्यंत उभ्याच होत्या.

"येशूने त्या चौघांचा विश्वास पाहिला," मी सांगितले आणि तिथेच थांबले. ही गोष्ट मी मिशनच्या शाळेत किती वेळा शिकवली होती! खाटेवरच्याने स्वतः काही मागितल्याचे त्यात नाहीच. पुढचे पाळकसाहेबांनी सांगितले.

खेळ संपल्यावर करी रोडचा एक गिरणी कामगार जवळ आला. नाव नामदेव. "बाई, बरं नाही का?" त्याने विचारले. परक्या माणसाला मी सगळे सांगून टाकले.

तो दचकला. "लालबागच्या नाक्यावर? उंच, कपाळावर व्रण?"

"होय."

"फळीचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं."

सहीचे ऐकून तो जवळच्या खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "माझ्या भावाचा हात मशीनमध्ये गेला होता. सही करायला आईनं दोन दिवस लावले. भाऊ राहिला नाही. बाई, आम्ही त्यांना पायासाठी नव्हतं उचललं."

मी तशीच इस्पितळात गेले आणि सही केली.

निघताना नामदेव म्हणाला होता, "आम्ही बौद्ध व्हायचं ठरवलंय, देव मानत नाही. पण उद्या बसायला येतो." सोमवारी सकाळी चौघेही आले. ऑपरेशन चालले तेवढा वेळ व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. मला तेव्हाही प्रार्थनेचे शब्द सापडले नाहीत. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

यजमान वाचले, पाय गेला. पडद्यावरचा माणूस खाट उचलून चालत गेला, माझा नाही. तरी त्या दिवसापासून प्रभूवरचा माझा राग ओसरला. त्याने काय द्यावे आणि कुणाच्या हातून, हे मी आता ठरवत नाही. जे हवे ते सांगते आणि ओंजळ उघडी ठेवते.