थोरलीचं पाण्यातलं जनावर

धाकटीने थोरलीचं पाण्यातलं जनावर मोठं करून टाकलं, ही गोष्ट आमच्या घरात परवापर्यंत हसत हसत सांगितली जायची. ती खोटी आहे. ते मी केलं होतं.

माझ्या दोन्ही मुलींच्या मामाने मस्कतहून हातात मावणारा व्हिडिओगेम आणला होता. रानोमाळ हिंडायचं, चित्रविचित्र जनावरं पकडायची, लढवून वाढवायची, असा तो खेळ. थोरलीने सुरुवातीलाच पाण्यातलं एक पिल्लू घेतलं. निळं, गोल, बेडकासारखे डोळे, मागे माशाची शेपटी. समोर आग ओकणारं जनावर आलं की ते त्याला पाण्याने गार करायचं. वाटेत नदी आली की पाठीवर बसवून पलीकडे न्यायचं. पुरेशा लढाया जिंकल्या की पडदा लुकलुकायला लागे, म्हणजे आता ते मोठं होणार. थोरली लगेच बटण दाबून त्याला थांबवायची. एकदा मोठं झालं की परत लहान होत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"राहू दे की असंच," ती म्हणायची. "मला हेच आवडतं."

अभ्यास बुडतो म्हणून मी तो गेम कपाटात ठेवला आणि किल्ली करदोड्याला बांधली. गेम फक्त रविवारी मिळायचा. धाकटीने एकदा मी आंघोळीला गेलो असताना ती किल्ली लांबवली होती आणि आईचा, म्हणजे माझ्या बायकोचा, मार खाल्ला होता.

मग मीच खेळायला लागलो. दिंडोरीच्या आमच्या मळ्यात द्राक्षबागेला पाणी द्यायचं म्हणजे वीज येईपर्यंत मोटारीच्या खोलीत बसून राहायचं. एकदा सहज म्हणून गेम खिशात टाकून नेला. पुढे रोज नेऊ लागलो. त्या पिल्लाच्या पाठीवरून नदी ओलांडताना मला एकट्यालाच हसू फुटायचं. संध्याकाळी घरी येऊन पोरींना म्हणायचो, "त्या खेळण्यात डोकं घालू नका, पुस्तकात घाला."

एके दुपारी बागेवर निळ्या मोरचुदाची फवारणी करून मी हात न धुता तसाच खेळायला बसलो. पडदा लुकलुकला. थोरली इथे बटण दाबते, हे मी पाहिलेलं होतं. पण आम्ही बागायतदार. मणी फुगावा म्हणून घड न् घड औषधात बुडवून काढणारे. वाढायला निघालेल्या गोष्टीला कुणी अडवावं, हे माझ्या हाताला पटेना. पोरगी बघून खूश होईल, असंही वाटलं. बटण दाबलं नाही. जनावर मोठं झालं, त्याला दात आले, पाठीवर काटे आले. मी कौतुकाने ते तसंच सेव्ह केलं.

रविवारी थोरलीने गेम उघडला आणि ती रडायलाच लागली. "आई, हिने माझं मोठं केलं!"

"मी हातसुद्धा नाही लावला!" धाकटी म्हणाली.

"मग किल्ली काय उंदराने फिरवली?" आईने तिचा दंड धरला.

थोरलीने गेम माझ्या हातात दिला. "बघा ना अप्पा, लहान होतंय का परत." बटणाच्या कडेला मोरचुदाचा निळा डाग बसला होता. मी अंगठ्याला थुंकी लावली आणि तो पुसला. तोपर्यंत माझ्या हातून नुसती चूक झाली होती.

"देवीची शपथ घे," आई म्हणाली. वणीच्या देवीची तसबीर भिंतीवर होती. धाकटीने तसबिरीवर हात ठेवून शपथ घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. किल्ली माझ्याकडे असते, हे अप्पा सांगतील, असं तिला वाटलं असणार. मी म्हणालो, "जाऊ द्या आता. सणासारखा रविवार."

गेमचं थोरली चार दिवसांत विसरली. आई मात्र विसरली नाही. मुलगी खेळण्यापायी देवीची खोटी शपथ घेते, हे तिच्या मनात बसलं. धाकटी काहीही सांगायला लागली की ती म्हणायची, "हिच्या शपथेवर जाऊ नका." परीक्षेच्या दिवशी पोर तापाने फणफणली होती, तेव्हाही आधी हेच म्हणाली. शेवटच्या आजारात धाकटीनेच तिचं सगळं केलं, तरी औषध खरंच दिलं का, हे ती थोरलीला फोनवरून धाकटीला विचारायला लावायची. मी शेजारीच बसलेला असायचो.

आई गेली. परवा दोघी माहेरी आल्या होत्या, मटार सोलत बसल्या होत्या. मी सांगून टाकलं.

थोरली हसून लोळायची बाकी राहिली. "अप्पा, तुम्ही? मोटारीच्या खोलीत? अगं, ऐकलंस का?" आणि आपल्या मुलांना हाक मारायला निघाली.

धाकटीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "ताई, बस खाली," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आई होती तोवर का नाही बोललात?"

मी पुढ्यातली एक शेंग उचलून सोलायला लागलो.

"मला कुणी खरं मानायला नकोय आता, अप्पा. तिने मानायला हवं होतं."

तिने उरलेले मटार सोलले, टरफलं उचलली आणि आत गेली. थोरलीही मग हसली नाही.