नखभर नक्षी

हिराजीकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या टायरकडे. भिवंडीजवळ मानकोलीच्या एका गोदामात मला सुपरवायझरची नोकरी लागली आणि खोली शोधत मी त्यांच्या दारात मोटारसायकल उभी केली. उघड्या अंगाचे, गळ्यात जाड साखळी घातलेले एक गृहस्थ ओटीवरून उतरले, माझा नमस्कार तसाच ठेवून खाली बसले आणि मागच्या टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख खुपसून त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, काहीतरी मंत्र म्हणतायत.

"गुलगुलीत हाय," ते म्हणाले. "या गारीवर गावाला जातंस?"

"कधीतरी. साताऱ्याला."

"ऱ्हव दे. आदी टायर बदल, मंग खोली बग. ज्याला सोताच्या टायरची फिकीर न्हाय, तो माजी मोरी काय साफ ठेवनार?"

मी मुकाट्याने टायर बदलला आणि खोली मिळवली. माझं नाव त्यांनी विचारलं ते त्यानंतर महिन्याभराने.

तरुणपणी काका कामतघरच्या लूमवरचे कापडाचे तागे टेम्पोतून वाहायचे. पुढे शेतावर गोदामं उभी राहिली, भाडं घरबसल्या येऊ लागलं आणि हाताला काम उरलं नाही. अंगठा मात्र रिकामा बसेना. त्यांच्या दरबारात निकाल दोनच. "पोचंल" म्हणजे गाडी निघायला हरकत नाही, आणि "ऱ्हव दे" म्हणजे देव जरी आडवा आला तरी निघू नका. पावसात अर्धं नख बुडालं तर पोचंल, असा त्यांचा कायदा होता. पुतणीच्या साखरपुड्याला पाहुणे आले तेव्हा सगळे व्याह्यांचे पाय धुवायला धावले आणि हे त्यांच्या गाडीच्या चाकाशी. बैठकीत मुलाबद्दल मत विचारलं, तर म्हणाले, "पोरगं बरं हाय. पर यांची स्टेपनी गेलीय, ती आदी बगा." लग्न झालं. स्टेपनीही आली.

गुलाबकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. उभं आयुष्य त्यांनी भिवंडीच्या बाजारात मासळी विकली. आता गुडघे बोलू लागले होते आणि त्यांची एकच इच्छा उरली होती, डोंगरावरचा बर्फ बघायचा. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "जलमभर लादीनं बरफ इकत घेतला रं. फुकटचा कसा पडतो त्यो बगायचाय." लग्नात काकांनी त्यांना काश्मीरला नेण्याचा शब्द दिला होता. तेव्हा टेम्पो होता, सवड नव्हती. आता मोठी गाडी होती, सवडही होती, आणि काकूंचे गुडघे मात्र थांबायला तयार नव्हते.

काकांची अट एवढीच, की जायचं ते स्वतःच्या गाडीने. विमानाला ते "अधांतरी धंदा" म्हणत. त्यासाठी त्यांनी राहनाळच्या गोदामातून, परदेशातून आलेल्या जुन्या मालातून, बर्फात चालणारे चार टायर शोधून आणले. रबर मऊ, आणि त्यावर हलवा माशाला मीठ मुरावं म्हणून चिरा माराव्यात तशा बारीक चिराच चिरा. वापरलेले होते, पण नक्षी बरीच शिल्लक. टायर माझ्या शेजारच्या रिकाम्या खोलीत ठेवले गेले. त्या खोलीला भाडेकरू कधी मिळाला नाही, कारण दर दिवाळीला तिथे तपासणी असे.

"पावसाला अर्धं नख, बरफाला पुरं नख," काका गंभीरपणे सांगत आणि अंगठा खुपसत. आम्ही श्वास रोखून उभे. मग मान हले. "थोरं कमी हाय. आवंदा ऱ्हव दे."

असं काही वर्षं चाललं. शेवटी काकूंनी सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला. "आवो, टायर खोलीतनं बाहेर पडला न्हाय, मंग त्यो घासतो कसा? उंदीर चालवतात का?"

काकांनी हात पाठीमागे नेला. पण काकूंनी त्यांचा हात धरून उजेडात नेला आणि चोरी पकडली. नवरात्रापासून हा माणूस त्या एका अंगठ्याचं नख वाढवत होता. बाकीची नऊ बोटं साफ आणि अंगठ्याला हे लांब नख. आता एवढं नख पुरं बुडायचं तर टायर विहिरीएवढा खोल हवा. काकूंनी तिथेच नेलकटर मागवलं, नवऱ्याचा अंगठा मांडीवर घेतला आणि नख कापलं. मग तो अंगठा टायरला लावला, तर उरलेलं नख मुळापर्यंत खाचेत बुडालं.

"बोला," काकू म्हणाल्या.

"नख म्हंजे अंदाज झाला," काका म्हणाले. "परीक्षा बरफावरच व्हयाला पायजे."

मग ती परीक्षा झाली. मासळीबाजारातून टेम्पो भरून बर्फाच्या लाद्या आल्या. माझ्या गोदामातल्या चार हमालांनी लाकडी मोगऱ्यांनी त्या फोडल्या आणि अंगणातून रस्त्याकडे जाणाऱ्या चढावर चुरा पसरला. बघायला अर्धं गाव. ऊन असं, की खालचा थर पाणी होत होता आणि वरून नवा पडत होता. कोंबड्या पाय उचलून उचलून पळत होत्या. बर्फाचे टायर चढवलेली गाडी खाली उभी, आत काका. कपाळावर कुंकू लावून घेतलेलं.

गाडी चढली. एकदाही न घसरता, शहाण्या बैलासारखी वर गेली. हमालांनी शिट्ट्या मारल्या. काका उतरले, खाली बसले आणि त्यांनी ओल्या टायरला अंगठा लावला. सगळं अंगण पुढे झुकलं.

"ह्यो मासलीचा बरफ हाय," ते उठत म्हणाले. "थितला येगला."

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. हसल्या नाहीत त्या फक्त काकू. त्यांनी चपला काढल्या, लुगडं जरा वर धरलं आणि अनवाणी त्या चुऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. पायाखालून पाणी वाहत होतं, त्याला सुरमईचा वास होता. मग शांतपणे म्हणाल्या, "जाला माझा बगून. टायर काडून टाका." आणि ओला पाय पुसून आत गेल्या.

मला त्या क्षणी काकांचा राग आला. नंतर त्यांचा चेहरा बघितला आणि राग टिकला नाही. पन्नास वर्षं मासळीच्या पाट्या डोक्यावर वाहिलेली बाई भांडली असती तर त्यांनी हजार उत्तरं दिली असती. पण तिने मागणंच सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दाराशी आले. माझ्या मोटारसायकलच्या टायरकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "तुला म्हनून सांगतंय," ते म्हणाले. "कसाऱ्याच्या घाटात एकदा माझा टेम्पो घसरला व्हता. दरीच्या तोंडाशी जाऊन थांबला. गुलाब बाजूला बसली व्हती. तवापासनं ती गारीत असली की माझं पाय कापतात."

"काकूंना माहीत आहे?"

"तिला काय ठाव नसतं?" ते म्हणाले. "टायर ऱ्हव दे. इमानाचं काड."

मी तिकिटं काढली. पुढची हकिकत काकूंची. विमानात चढण्याआधी काका चाकापाशी वाकायला गेले, तर बंदूकवाल्या जवानाने त्यांना उठवून रांगेत लावलं. आत बसल्यावर काकूंच्या कानात म्हणाले, "नुसत्या उब्या रेगा हायत. आरवी नक्षीच न्हाय." आणि श्रीनगर येईपर्यंत त्यांनी काकूंचा हात सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी मला व्हिडिओ कॉल आला. लुगड्यावर स्वेटर, स्वेटरवर काकांचा कोट, अशा काकू ढोपरभर बर्फात उभ्या. "फुकटचा हाय रं," त्या सांगत होत्या. "माशांची थर्माकोलची पेटी आनली असती तर भरून नेला असता." त्यांच्या मागे एक टॅक्सी होती आणि टॅक्सीच्या चाकापाशी एक ओळखीची पाठ वाकलेली होती. पाठ सरळ झाली, काका फोनजवळ आले, नाक लाल, डोळ्यांत पाणी. "पुरं नख बुडतंय रं याच्यात," ते म्हणाले. असा आनंद मी त्यांच्या तोंडावर त्यांच्या नातवाच्या बारशालाही बघितला नव्हता.

ते चार टायर मग अंगणात आले. काकूंनी त्यांत अळू लावलं.

त्यानंतर काही वर्षांनी, भर पावसाळ्यात, काका ठाण्याच्या दवाखान्यात वारले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्यांना गावी न्यायला ॲम्ब्युलन्स आली तेव्हा पाऊस कोसळत होता. आम्ही काकांना आत ठेवलं, दार लावायला घेतलं, तर काकू कुठे दिसेनात. बघतो तर त्या गाडीच्या मागे, गुडघ्यांवर हात दाबत, चिखलात खाली बसत होत्या. मी त्यांना धरायला धावलो. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"काय झालं, मावशी?" ड्रायव्हरने विचारलं.

काकूंनी मागच्या टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख खुपसलं. डोळे मिटले. मग पदराला अंगठा पुसला आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या.

"पोचंल," त्या म्हणाल्या. "चल."